तंगूस गवत कापतं तेव्हा

मालवणकडे मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याला तंगूस म्हणतात. आमच्या गावच्या घराशेजारी राहणाऱ्या काकांचं उभं आयुष्य तंगूस, गरी आणि जाळी यांत गेलं. पाऊस ओसरत असताना मी बॅटरीवर चालणारा एक जुना ग्रासकटर घेऊन गावी आलो, तेव्हा त्यांनी त्याची चकती उलटी करून पाहिली. चकतीतून बोटभर लांबीची दोन टोकं लोंबत होती. त्यातलं एक चिमटीत धरून काका म्हणाले, "तंगुसान मासे धरतत. गवत खंय कापतत?"

प्रश्न अगदी रास्त होता. हा दोरा जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा. हातात धरून गवताच्या पात्यावर कितीही घासला तरी पातं नुसतं वाकतं. पण खटका दाबला, चकती फिरली, आणि पापणी लवायच्या आत तीच लोंबती टोकं गुडघाभर गवताच्या बुडातून आरपार जाऊ लागली. रोजच्या वापरातल्या यंत्रांत मला हे सगळ्यांत नवलाचं वाटतं. विळ्याची धार विळा खुंटीला टांगलेला असतानाही विळ्यातच असते. या दोऱ्याला थांबलेल्या अवस्थेत धारच नाही. ती फिरण्यातून जन्मते आणि फिरणं संपलं की नाहीशी होते.

हिशेब मांडला की नवल आणखी वाढतं. चकती मिनिटाला ६००० फेरे घेते असं धरू, म्हणजे सेकंदाला शंभर. दोऱ्याचं टोक मधल्या आसापासून १५ सेंटिमीटरवर. त्या टोकाचा वेग निघतो सेकंदाला ९४ मीटर, म्हणजेच ताशी सुमारे ३४० किलोमीटर. गोफण फिरवलेल्या माणसाला दोरीची ओढ मनगटात कळते. दगडाला सरळ निघून जायचं असतं आणि दोरी त्याला आत खेचून धरते. इथे तेच घडतं, फक्त दगड नाही. दोऱ्याचा प्रत्येक कण स्वतःच गोफणीतला दगड असतो. टोकाशी ही ओढ गुरुत्वाकर्षणाच्या सहा हजार पट भरते. तिथलं एक ग्रॅम नायलॉन सहा किलो वजनाच्या ताकदीने बाहेर खेचलं जातं. सगळ्या दोऱ्यावरचा ताण मुळाशी जमा होतो, तो साधारण दोन किलो वजन टांगल्याएवढा. म्हणून लोंबतं तंगूस सळईसारखं ताठ होतं.

या यंत्राचा शोध लावणाऱ्याच्या हातात खरोखरच तंगूस होतं, हे काकांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात, ह्यूस्टन शहरात जॉर्ज बॅलस नावाचे गृहस्थ राहत होते. दुसऱ्या महायुद्धात विमानातून बाँब टाकणाऱ्या पथकात होते, पुढे त्यांनी नृत्यशाळा चालवली. अंगणातल्या झाडांच्या मुळांभोवतीचं गवत कसं काढावं हा त्यांचा प्रश्न. लोखंडी पातं लावावं तर मुळं आणि साल सोलवटून निघते. १९७१ मध्ये मोटार धुवायच्या यंत्रात बसलेले असताना त्यांनी पाहिलं, की नायलॉनच्या केसांचे मोठे ब्रश फिरताना ताठ होतात, गाडीच्या खाचाखोचांत शिरतात, तरी रंगाला ओरखडा पडत नाही. घरी येऊन त्यांनी पॉपकॉर्नचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, त्याला भोकं पाडली, त्यांतून मासे धरायचा दोरा ओवला आणि तो डबा हिरवळीच्या कडा कापायच्या यंत्रावर बसवला. यातूनच त्यांची 'वीड ईटर' कंपनी उभी राहिली, आणि १९७७ मध्ये त्यांनी ती इमर्सन इलेक्ट्रिक या मोठ्या कंपनीला विकली. ज्या नायलॉनवर हे सगळं उभं राहिलं, ते वॉलेस कॅरॉथर्स यांच्या चमूने ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत १९३५ साली बनवलं होतं.

आता दोरा ताठ झाला हे कळलं, पण तो कापतो कसा? विळ्याने गवत कापणारी बाई डाव्या हाताने मूठ धरते आणि उजव्या हाताने विळा ओढते. डावा हात नसेल तर विळा चालत नाही, कारण गवत धारेपुढून वाकून निसटतं. इंग्लंडच्या एडविन बडिंगने १८३० मध्ये हिरवळ कापायचं पहिलं यंत्र केलं, त्यातही हीच युक्ती होती: एक पातं फिरणारं आणि एक स्थिर, म्हणजे कात्रीच. दोऱ्याच्या यंत्रात पलीकडून गवत धरायला काहीच नाही. ते काम गवताचं स्वतःचं जडत्व करतं. दोरा इतक्या झपाट्याने येतो, की काडीला बाजूला सरायला वेळच मिळत नाही. ती सरायच्या आत तुटलेली असते. जडत्व हाच इथला डावा हात.

यातून एक गोष्ट निघते, जी आमच्याकडच्या ग्रासकटरवाल्यांना हाताने ठाऊक आहे. भाद्रपद-आश्विनातलं हिरवं, पाण्याने फुगलेलं गवत दोऱ्याने सपासप तुटतं, कारण त्याच्या अंगात वजन आणि ताठपणा दोन्ही असतात. तेच गवत मार्गशीर्षात वाळलं की हलकं आणि चिवट होतं, दोऱ्याबरोबर वाकतं आणि चकतीला गुंडाळतं. वणव्याच्या भीतीने आंबा-काजूच्या बागांभोवती पट्टा साफ करायचा असतो, तो गवत पुरतं वाळायच्या आत केलेला बरा, तो याचसाठी. वाळल्यावर कापायला जास्त शक्ती लागते आणि बॅटरीवाल्या यंत्राकडे शक्ती मोजकीच असते.

किती मोजकी, तेही पाहू. अठरा व्होल्ट आणि पाच अँपिअर-अवरच्या बॅटरीत ९० वॉट-अवर वीज मावते. पेट्रोल एक लिटर जळलं की सुमारे ९००० वॉट-अवर उष्णता निघते. पेट्रोलच्या मशीनमध्ये तिचा दहावा हिस्साच पात्यापर्यंत पोचला असं धरलं, तरी एका लिटरमध्ये अशा दहा बॅटऱ्या मावल्या. म्हणून एकराच्या बागेसाठी बॅटरीचं छोटं मशीन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घराभोवतालच्या पाच-दहा गुंठ्यांना मात्र ते शोभतं. एक ओढ मारून चालू न होणारं इंजिन नाही, तेल-पेट्रोलचं मिश्रण नाही, धूर नाही, आणि शेजारच्या घरात झोपलेलं तान्हं मूल उठत नाही.

या मोजक्या विजेतली बरीचशी गवतावर खर्चच होत नाही, हे मला स्वतः आकडेमोड केल्यावर कळलं. दोरा हवा कापत असतो. अडीच मिलिमीटरच्या जवळपास जाडीचे दोन दोरे वर दिलेल्या वेगाने फिरवायला हवेचाच विरोध सुमारे १०० वॉट खातो. फेरे तेवढेच ठेवून दोरा १५ ऐवजी २० सेंटिमीटर केला, तर हा खर्च तिपटीहून जास्त होतो, कारण तो लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. मशीनच्या प्लॅस्टिकच्या आडोशाला एक इवलीशी पाती असते, ती वाढलेला दोरा छाटून ठरलेल्या मापात ठेवते. या आडोशाची अडचण होते म्हणून तो काढून टाकायची पद्धत सर्रास आहे. मग दोरा लांब सुटतो, रुंद पट्टा कापला जातो म्हणून बरं वाटतं, आणि दहा मिनिटांत मोटर तापते, बॅटरी बसते. शिवाय जांभ्याचा खडा डोळ्यांत यायला वाट मोकळी होते. जुनं मशीन घेताना आडोसा जागेवर नसेल, तर त्या मोटरने काय काय सोसलं असेल याचा अंदाज करावा.

गवतापुढे रान सुरू होतं. रानमोडी, घाणेरी, करवंदीची जाळी, आणि भराभर वाढणारे बांबूचे कोंब. इथे ग्रासकटरचा ब्रशकटर करायचा मोह होतो. दोऱ्याची चकती काढा, लोखंडी पातं बसवा. बऱ्याच स्वस्त मशीनच्या खोक्यात प्लॅस्टिकची पाती आणि लहानशी लोखंडी चकतीही मिळते. बसवायला पाच मिनिटं. पण या पाच मिनिटांत यंत्राची जात बदलते.

दोन्ही दोऱ्यांमध्ये मिळून फिरताना साठलेली ऊर्जा सुमारे दोन ज्यूल असते. दोरा दगडावर आपटला तर टोक झिजतं, तुटतं, आणि धक्का तिथेच संपतो. मऊपणा हेच त्याचं संरक्षण. आता २३ सेंटिमीटर व्यासाची, तीनशे ग्रॅमची पोलादी चकती त्याच वेगाने फिरवा. तिच्यात जवळजवळ ४०० ज्यूल साठतात, म्हणजे चाळीस किलोचं पोतं एक मीटरवरून पडताना असते तेवढी ऊर्जा. दोऱ्याच्या पावणेदोनशे-दोनशे पट. आणि पातं वाकत नाही. ते अडलं की सगळा हिशेब दांड्यातून तुमच्या हातात येतो.

पातं वरून पाहताना घड्याळाच्या उलट फिरत असेल, तर पात्याच्या समोरच्या टोकाला बारा वाजले आहेत असं समजा. बारा ते तीनच्या दरम्यानचा भाग जाड खोडाला लागला, की पातं खोडात न शिरता त्याला ढकलतं आणि सगळं मशीन उजवीकडे, मागे झटका घेतं. खऱ्या ब्रशकटरला सायकलसारखी दोन शिंगांची मूठ किंवा पुढे आडवा दांडा असतो, आणि खांद्यावरून पट्टा असतो, तो यासाठीच: झटका आला तरी पातं माणसाच्या पायापर्यंत पोचू नये. त्याचा दांडा जाड नळीचा, टोकाशी दातेरी चाकांची पेटी, पात्यामागे धातूची बैठक. हलक्या ग्रासकटरमध्ये मोटर थेट खाली टोकाशी, प्लॅस्टिकच्या घरात बसवलेली असते, आणि मूठ नुसती गोल कडीची. ते यंत्र दोन ज्यूलसाठी बांधलेलं आहे.

म्हणून बॅटरीवरचा ब्रशकटर हवा असेल, तर तो मुळात ब्रशकटर म्हणूनच बनलेला असावा: छत्तीस व्होल्ट किंवा वरचा, पुस्तिकेत लोखंडी पात्याला परवानगी असलेला, पट्ट्यासकट. अशी मशीनं जुन्या बाजारात कमी येतात, पण येतात. त्यांच्या पात्यावर कमाल फेऱ्यांचा आकडा कोरलेला असतो, तो मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवा. पात्याची चाकी बहुतेक उलट्या आट्यांची असते. नेहमीच्या सवयीने सोडायला गेलं तर ती घट्टच होत जाते. दोऱ्याऐवजी साखळीचे तुकडे लावलेली चकती कुणी देऊ केली तर हात लावू नये. साखळीची कडी सुटली की ती गोळीसारखी जाते. युरोपीय संघाने सुट्या धातूच्या कड्या जोडलेल्या अशा चकत्यांची विक्री २०१२ मध्ये बंद केली. आपल्याकडे त्या सहज मिळतात, याची मला काळजी वाटते. हलक्या मशीनला दोरा किंवा प्लॅस्टिकची पाती लावावी आणि करवंदीची जाळी कोयत्यानेच तोडावी.

माझं मशीन जुनं होतं आणि ते घेताना जे शिकलो त्याने माझी बॅटरीकडे पाहायची दृष्टी बदलली. गाव सोडून निघालेल्या एका कुटुंबाकडून ते मिळालं. दांडा, मोटर, मूठ सगळं ठाकठीक होतं. त्यांच्याजवळ बॅटऱ्या दोन होत्या. दिसायला सारख्या, एकाच दिवशी घेतलेल्या. एकीवर मशीन पंधरा मिनिटं चाललं, दुसरीवर चाळीस सेकंद.

या पॅकच्या पोटात बोटाएवढे गोल सेल असतात, बहुधा १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे. लिथियम-आयन सेल बाजारात पहिल्यांदा आणले ते सोनीने, १९९१ मध्ये. या सेलमागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं नोबेल मिळालं. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट. पाच सेल एकामागे एक जोडले की अठरा. त्याआधीची हत्यारं निकेल-कॅडमियमच्या सेलवर चालत. त्या सेलचे १.२ व्होल्ट, पंधरा जोडले की पुन्हा अठराच! रसायन बदललं, पंधराचे पाच झाले, आकडा तोच राहिला. तेच पाच सेल पूर्ण भरले की प्रत्येकी ४.२, एकूण एकवीस व्होल्ट. म्हणून काही पॅकवर १८ लिहिलेलं असतं, काहींवर २०, काहींवर २१, आणि आत माल एकच. स्वस्त पॅकवर ४८, ८८ असे आकडे छापलेले दिसतात. तिथे मल्टिमीटर लावावा. पूर्ण भरलेल्या पॅकने एकवीसच्या आसपास दाखवलं, तर आत एकामागे एक जोडलेले सेल पाचच आहेत, मग वर काहीही लिहिलेलं असो.

रांगेत जोडलेले सेल म्हणजे एका दोरात बांधलेले बैल. चार धडधाकट आणि एक अशक्त असेल, तर अशक्त बैल बसला की गाडी थांबते. पॅकमधलं संरक्षक सर्किट कुठल्याही एका सेलचा दाब फार खाली गेला की सगळा पुरवठा तोडतं. त्या चाळीस सेकंदांच्या बॅटरीचं हेच दुखणं होतं. चार सेलांत भरपूर वीज होती, ती बाहेर यायला वाट नव्हती. अशी बॅटरी ओळखायची खूण म्हणजे ती पटकन 'भरली' असं सांगते आणि जोर लावला की पटकन मरते. नुसती मोकळी चालवून पाहिली तर कळत नाही. दाट गवतात घालावी, पाच मिनिटं राबवावी आणि मग पॅकला तळहात लावावा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर घेऊ नये.

आणखी एक गोष्ट आत घडते, ती डोळ्यांना कधीच दिसत नाही. माळ्यावर दोन-तीन वर्षं पडून राहिलेली बॅटरी हळूहळू रिकामी होत जाते. सेलचा दाब फारच खाली गेला, की ऋण बाजूला वीज गोळा करणारा तांब्याचा जो पातळ पत्रा असतो, तोच आतल्या द्रवात विरघळू लागतो. नंतर कुणी ती बॅटरी पुन्हा भरली, तर ते विरघळलेलं तांबं नको तिथे जमा होतं आणि सेलच्या आतच दोन बाजू जोडणारा पूल बांधू शकतं. पुढे ते आगीचं कारण ठरतं. म्हणून "वापरलीच नाही, नवीकोरी आहे, फक्त पडून होती" हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. वापरलेली बॅटरी घेईन. अगदी शून्यावर जाऊन मेलेली, दुसऱ्या चार्जरने झटका देऊन उठवलेली बॅटरी घरात आणणार नाही. उष्ण जागी पूर्ण भरून ठेवलेली बॅटरीही लवकर म्हातारी होते, आणि पत्र्याच्या पडवीत चैत्र-वैशाखात काय होतं ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. समुद्राजवळच्या गावात पॅकच्या पितळी जिभांवर हिरवट गंज चढलाय का, तेही पाहावं.

तेव्हा जुन्या मशीनची किंमत करताना मी उलटा हिशेब करतो. त्या कंपनीची तशीच नवी बॅटरी आज मिळते का, आणि कितीला? मिळत असेल, तर तो आकडा सांगितलेल्या किमतीत मिळवून मग नव्या मशीनशी तुलना करावी. मिळतच नसेल, तर हातात येतो तो नुसता दांडा. मशीन पाहताना चकती हाताने फिरवावी: खरखर लागली, आस डुगडुगला, तर बेअरिंग गेलं. दोरा बाहेर पडतो त्या भोकाच्या कडा झिजून खाच पडली असेल, तर मशीनने खूप काम केलंय. खटका दाबल्यावर जळकट वास आला, तर निरोप घ्यावा.

काकांशी या सगळ्यावर बोलणं होत राहिलं, आणि एक गोष्ट त्यांनीच मला सांगितली. तंगूस फार दिवस कोरडं पडलं की कडक होतं, म्हणून ते वापरायच्या आधी भिजवायचं. मागचं कारण मी नंतर समजून घेतलं. नायलॉनच्या लांब साखळ्या एकमेकींना धरून असतात. पाण्याचे रेणू त्यांच्यात शिरून ती पकड सैल करतात आणि दोरा लवचीक, चिवट होतो. चकतीत वर्षभर पडलेला दोरा कटाकट तुटायचा, तो एक रात्र बादलीत ठेवल्यावर तुटायचा थांबला. झिजणाऱ्या दोऱ्याचा चुरा मात्र मातीतच राहतो. हे मला खटकतं, म्हणून दगडी गडग्याच्या कडेला मी हे मशीन नेत नाही. जांभ्यावर दोरा मेणबत्तीसारखा झिजतो.

कलमांच्या बुंध्याशीही नेत नाही. बॅलसनी जाड मुळं वाचवायला हा दोरा शोधला, पण दोन वर्षांच्या हापूसच्या कलमाची साल कोवळी असते. सालीखालूनच पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं. दोरा बुंध्याभोवती एकदा पूर्ण फिरला, तर ती वाट तुटते. कलम लगेच मरत नाही. महिनोन्‌महिने हिरवं दिसतं आणि मुळं उपाशी राहून एक दिवस वठतं. म्हणून प्रत्येक आळ्यात हातभर जागा विळ्यासाठी राखायची. बाकीच्या आवारात मात्र विळ्याहून हे बरं, याचं एक कारण आमच्याकडे सगळ्यांना पटतं: फुरसं. विळ्याने कापताना डावा हात गवतात शिरतो, जिथे ते वेटोळं घालून बसलेलं असतं. दीड मीटरचा दांडा तेवढं अंतर देतो.

परवा शेवटचा कोपरा कापून झाला. खटका सोडला. शिट्टीसारखा आवाज खाली खाली येत थांबला आणि दोऱ्याची टोकं पुन्हा लोंबू लागली, हिरव्या रसाने माखलेली. काकांनी त्यातलं एक बोटावर घेतलं, झिजून गोल झालेलं टोक अंगठ्याने चाचपलं. मग बादलीतल्या गुंडाळीतून दोन वाव तंगूस मोजून घेतलं आणि दुधीच्या मांडवाचा निसटलेला बांबू बांधायला घेऊन गेले.